गणित-विज्ञानाच्या तासाला फळा कुठं आणि पडदा कुठं? मराठवाड्यातल्या शिक्षकांचे अनुभव हवेत

गोदाथडी (धागा सुरू करणारे):

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत मी नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. आमच्याकडं आता मोठा टच पॅनेल आलाय, जुना प्रोजेक्टर आहे, संगणक कक्षात चालू स्थितीतले थोडे संगणक आहेत. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं, पाठोपाठ डिजिटल शाळांची लाट आली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढली. दुष्काळातसुद्धा काढली. त्या पैशातून लेकरांच्या पदरात काय पडलं, हा हिशेब आपण शिक्षकांनीच मांडला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं आधी सांगतो, पटलं नाही तर जरूर खोडून काढा. जे फळ्यावर चांगलं होतं ते पडद्यावर न्यायचं नाही. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना लेकरं माझा हात बघत असतात. मी कुठं थांबलो, कोणती जोडी आधी लिहिली आणि का पुसली, हे त्यांना दिसतं. तयार स्लाइडवर उत्तर थेट येतं, ते थांबणं-पुसणं निघून जातं. पडदा मग कशासाठी? जे हलतं त्यासाठी, जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी, आणि एका तासात हातानं पुन्हा पुन्हा मोजून होत नाही त्यासाठी.

दहावीचा अंतर्लिखित कोन घ्या, म्हणजे ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावर असतो तो. वर्तुळावरचे अ आणि ब हे बिंदू तेच ठेवून शिरोबिंदू प एकाच कंसावर सरकवला तरी कोन तेवढाच राहतो. फळ्यावर हे दाखवायला मी तीन-चार कोन काढायचो, कोनमापक लावायचो. खडूची रेघ जाड, एक कोन ५४ यायचा, दुसरा ५७. लेकरं मान हलवायची, पण सर म्हणतायत म्हणून. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये प बोटानं धरून फिरवला की आकडा जागचा हलत नाही. फिरवणारं बोट मात्र लेकराचं हवं, माझं नको. त्याआधी वहीत अंदाज लिहून घेतो, कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? बरेच जण ‘वाढेल’ लिहितात. प हा अ-च्या जवळ गेला की कोन मोठा होणार असं डोळ्यांना वाटतंच. मग आकडा ५५ वर अडून बसतो आणि वर्ग कुजबुजायला लागतो. पुढं प हा अ ओलांडून पलीकडच्या कंसावर गेला की ५५ चे एकदम १२५ होतात. ५५ आणि १२५ ची बेरीज कुणीतरी मोठ्यानं करतं, आणि चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे प्रमेय वर्गात आपल्या पायांनी चालत येतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पलीकडच्या कंसावर गेल्यावर जिओजेब्रा कधी १२५ ऐवजी २३५ दाखवतं, कारण ते कोन एकाच दिशेनं मोजत जातं. कोनाच्या सेटिंगमध्ये ० ते १८० अंश ही मर्यादा निवडली की काम होतं. हे माहीत नसलं तर भर तासात आपलीच गाडी अडते.

तुमच्याकडं काय चाललंय? कोणत्या पाठाला यंत्रानं खरा फरक पडला, कुठं उगाच वेळ गेला, आणि हे तुम्ही शिकलात कोणाकडून?

जुना_खडू:

सर, मी लातूर जिल्ह्यात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालो. तुमची कळकळ पोहोचली, म्हणूनच शंका ठामपणे मांडतो. प हजार जागी फिरवला तर ते हजार दाखले झाले, सिद्धता झाली नाही. पक्ष काय, साध्य काय, आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्याचा अधिकार मला कोणत्या कारणानं मिळाला, ही शिस्त भूमिती शिकवते. डोळ्यांना दिसलं की लेकराला सिद्ध करण्याची गरजच वाटेनाशी होते. ‘सर, दिसतंय की!’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगणार?

दुसरं असं की बोर्डाचा भूमितीचा ४० गुणांचा पेपर कागदावर सोडवायचा आहे. हल्ली वही तपासायला बसलो तर स्पर्शिकेची रचना करताना मुलांची कंपासची त्रिज्या मध्येच सरकलेली असते. हाताला वळण लागायला हात चालवावा लागतो.

गोदाथडी:

गुरुजी, तुमची शंका योग्यच आहे. रचना कंपासनंच व्हाव्यात, त्याबाबत माझं दुमत नाही. जिओजेब्रात दोन टिचक्यांत स्पर्शिका निघते आणि त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

सिद्धतेबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. या प्रमेयाच्या सिद्धतेत तीन स्थिती घ्याव्या लागतात. वर्तुळाचा केंद्रबिंदू कोनाच्या भुजेवर, कोनाच्या आत, कोनाच्या बाहेर. पुस्तकातून शिकवताना लेकरं विचारायची, ‘तीन कामून घ्यायच्या?’ आणि मी सांगायचो की सगळ्या शक्यता तपासायच्या असतात. ते उत्तर बरोबर होतं, पण त्यांना भिडत नव्हतं. आता केंद्रबिंदू ठळक लाल करून ठेवतो आणि प हळूहळू सरकवायला लावतो. आधी केंद्र कोनाच्या आत असतं. प सरकत सरकत अ-च्या बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला आला की केंद्र भुजेवर बसतं. आणखी सरकला की केंद्र बाहेर. तिन्ही स्थिती एकाच हालचालीत डोळ्यांसमोरून जातात. मग पॅनेल बंद करतो, बंद म्हणजे पूर्ण बंद, आणि विचारतो की यातली सगळ्यात सोपी स्थिती कोणती? केंद्र भुजेवर असलेली, कारण तिथं समद्विभुज त्रिकोण आणि त्याचा बाह्यकोन एवढ्यावर भागतं. ती फळ्यावर सिद्ध करतो. उरलेल्या दोन तिच्याच आधारानं, एकदा बेरीज करून आणि एकदा वजाबाकी करून, लेकरं स्वतः लिहितात.

जुना_खडू:

पॅनेल बंद करता, हे वाचून समाधान वाटलं. बेरीज-वजाबाकीचा तो टप्पा मुलांकडून वदवून घेणं मला फार थोड्या वर्गांत जमलं होतं. फाइल इथे टाका, माझ्या नातीला दाखवतो.

बालाघाटची_बाई:

मी बीड जिल्ह्यातली. माझा प्रश्न जरा वेगळाय सर. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही सोबत जातात आणि मार्चनंतर परत येतात. तेवढ्यात समरूपता जाते, त्रिकोणमिती जाते, विज्ञानाचे चार पाठ जातात. पॅनेल गावात, लेकरू फडावर.

मी काय करते ते सांगते. पुस्तकांची चळत रचून तिच्यावर मोबाईल आडवा ठेवते, कॅमेरा खाली वहीकडं. वहीत माझा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. एक उदाहरण, चार-पाच मिनिटं, माझ्याच आवाजात, वर्गात बोलते तसंच. फाइल लहान करून वडिलांच्या फोनवर पाठवते. फडात रेंज नसली तर गाडी कारखान्याला गेली की उतरवून घेतात आणि रात्री कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, लेकरं बघतात. यूट्यूबवर याच्यापेक्षा शंभर पटीनं देखणे व्हिडिओ आहेत, ते मला ठाऊकाय. पण बाईंचा आवाज आला की लेकरू वही काढतं. लेकराकडून पोचही मिळते, दुसऱ्या दिवशी वहीचा फोटो येतो.

नुसतं बघून भागत नाही म्हणून तिथंच होईल असं काम देते. बैलगाडीच्या चाकाचा व्यास दोरीनं मोजा, चाकावर चुन्याची खूण करा, एक पूर्ण फेरा झाला की जमिनीवरचं अंतर मोजा, भागाकार करा. ३.१४ च्या आसपास येतं की नाही ते कळवा. दुपारी उभ्या उसाची सावली आणि काठीची सावली मोजून उसाची उंची काढा, समरूप त्रिकोण तिथंच उभे असतात. एका पोरीनं टोळीतल्या सगळ्या गाड्यांची चाकं मोजून तक्ता पाठवला होता. तिच्या तक्त्यावरून मी पुढं आख्खा तास घेतला.

पूर्णाकाठ:

ताई, तुमची पोस्ट वाचून थांबलोच. साधाच प्रश्न विचारतो, नेट नसताना काय काय चालतं? आमच्या वस्तीवर रेंजचा पत्ता नसतो.

गोदाथडी:

जिओजेब्राचं मोबाईल अॅप एकदा उतरवलं की नेटची गरज नाही, फुकट आहे, जुन्या संगणकावरची आवृत्तीही नेटशिवाय चालते. दीक्षा या सरकारी अॅपवर पुस्तकातल्या क्यूआर कोडचा आशय तालुक्याच्या गावी असताना उतरवून ठेवायचा, नंतर बिनानेट उघडतो. फेट या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, फाइल म्हणून उतरवता येतात आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतात, पेन ड्राइव्हवरून शाळाभर वाटा. मोबाईलचा पडदा टीव्हीवर दाखवायलाही नेट लागत नाही, टीव्हीत ती सोय असली की झालं.

औंढा_रोड:

हिंगोलीहून. कुणी अजून फोनच्या सेन्सरबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. पॅनेल नसलेल्या शाळेतही शिक्षकाच्या खिशात फोन असतो, आणि त्या फोनमध्ये त्वरण, ध्वनी, चुंबकीय क्षेत्र, बऱ्याच फोनमध्ये प्रकाशसुद्धा मोजायची सोय असते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचं अॅप काढलं, मोफत आहे. आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेत असलेल्या बऱ्याच उपकरणांपेक्षा ते बारीक मोजतं.

ध्वनीचा वेग मोजायचा माझा आवडता प्रयोग देतो. दोन फोन, दोन मुलं, मोकळं मैदान. दोघं १० मीटरवर उभी, प्रत्येकाच्या पायाशी एक फोन, दोन्हींत ‘ध्वनी स्टॉपवॉच’ लावलेलं. हे घड्याळ पहिला मोठा आवाज ऐकून सुरू होतं आणि दुसरा ऐकून थांबतं. पहिला टाळी वाजवतो. त्याचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा फोन आवाज पोहोचल्यावर. मग दुसरा टाळी वाजवतो. त्याचा फोन लगेच थांबतो, पहिल्याचा उशिरा. दोन्ही वेळांत जो फरक पडतो तो आवाजाला जाऊन-येऊन २० मीटर कापायला लागलेला वेळ. २० ला त्या फरकानं भागायचं. फरक साधारण ०.०५८ सेकंद यायला हवा. गंमत अशी की एक टाळी वाऱ्याच्या दिशेनं जाते आणि दुसरी वाऱ्याविरुद्ध, त्यामुळं वाऱ्याचा परिणाम बराचसा कटतो. हे मी सांगत नाही, विचारतो, आणि उत्तर सापडेपर्यंत थांबतो.

आमच्याकडं याला आणखी एक पदर आहे. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, १५ अंशाला सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, ४० अंशाला ३५५ च्या आसपास. डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार, दोन्ही मराठवाड्यात फुकट मिळतात. पण हा फरक चार-साडेचार टक्क्यांचा आहे. टाळी फोनपासून फूटभर लांब वाजली किंवा अंतर पावलांनी मोजलं तर चूकच फरकापेक्षा मोठी होते. मग अंतर वाढवा, टेपनं मोजा, पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घ्या. नवव्या इयत्तेतल्या मुलांनी ‘सर, आपली चूक किती धरायची?’ असं विचारलं की विज्ञान सुरू झालं असं मी मानतो.

हे मी हिंगोलीतून मुद्दाम लिहितोय. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आपल्या प्रकल्पाला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान बदल मोजायचा. तिथं सगळा झगडा चुकीशीच आहे. जमिनीची थरथर, तापमान, वाहनांची ये-जा, सगळं वजा करून जे उरतं ते मोजायचं. पोरं रस्त्यानं जाताना बोर्ड बघतात आणि विचारतात, ‘सर, तिथं काय करणारेत?’ टाळीचा प्रयोग केलेल्या पोराला मी त्याचं उत्तर देऊ शकतो. न केलेल्याला देताना माझी दमछाक होते.

दुधनाकाठ:

औंढा रोड सर, उद्याच मैदानात उतरते. मी जालन्याकडची, विज्ञान शिकवते. तुमच्या ‘चूक किती धरायची’ला जोडून सिम्युलेशनबद्दल लिहिते, कारण तिथं चूक नसते आणि तोच धोका आहे.

नववीच्या धाराविद्युतला मी फेटचं परिपथ जोडायचं सिम्युलेशन वापरते. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा उपक्रम, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, हे फळ्यावर कधीच दाखवता आलं नसतं. दुसरा फायदा म्हणजे मुलांना चुकीची जोडणी मनसोक्त करू देता येते. बॅटरीची दोन टोकं थेट तारेनं जोडली की पडद्यावर ज्वाळा दिसतात. घरातल्या २३० व्होल्टशी असलं काही करायच्या आधी ते पडद्यावर झालेलं बरं.

पण मी तिथंच थांबत नाही. सिम्युलेशनमधल्या साध्या दिव्याचा रोध ठरलेला असतो, त्यामुळं विभवांतर आणि धारा यांचा आलेख सरळ रेषेत येतो. मग टेबलावर खरे सेल, विजेरीतला खरा छोटा दिवा आणि बाजारातला साधा मल्टिमीटर ठेवते. एक सेल, दोन सेल, तीन सेल. भागाकार करत गेलं की रोध वाढत गेलेला दिसतो. मुली म्हणतात, ‘मॅडम, आमचं चुकलं.’ पुन्हा करतात, पुन्हा तेच येतं. चुकलेलं नसतं, दिव्यातली तार तापते आणि तापली की तिचा रोध वाढतो. ओहमचा नियम सांगताना ‘भौतिक अवस्था कायम असताना’ ही अट पुस्तकात आहे, पण ती आपण सगळेच घाईनं वाचून पुढं जातो. नायक्रोमच्या तारेवर तोच प्रयोग केला की रेष बऱ्यापैकी सरळ येते. पडद्यावर नियम दिसला, टेबलावर अट दिसली. दोन्ही हवं, आणि याच क्रमानं. फक्त पडदा दाखवून तास संपवणाऱ्या शाळांबद्दल मला काळजी वाटते, कारण तिथं प्रयोगशाळेचं कपाट आता कुणी उघडत नाही.

ज्यांच्याकडं साहित्यच नाही त्यांनी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ बघावं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली, मराठी पुस्तकंही तिथं मोफत आहेत.

मांजरापालक:

मी शिक्षक नाही, लातूरचा पालक आहे. मुलगी दहावीत, पुढं नीट द्यायची म्हणते. आमच्याकडं ‘लातूर पॅटर्न’चं वातावरण कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे, सराव, चाचणी, पुन्हा सराव. हे सगळं वाचायला फार छान वाटलं, पण एका दिव्यासाठी दोन तास गेले तर पोर्शन कधी संपणार? रागावू नका, खरंच विचारतोय.

दुधनाकाठ:

रागावण्यासारखं काहीच नाही दादा. प्रत्येक पाठाला असं करत नाही, करताही येणार नाही. वर्षातून मोजक्या संकल्पना निवडायच्या, ज्यांच्यावर पुढचं सगळं उभं राहतं. गणितात रेषेचा चढ आणि समरूपता, विज्ञानात धारा-विभवांतर आणि प्रकाशाचं अपवर्तन. अकरावी-बारावीत आलेख वाचून उत्तर द्यायचे प्रश्न येतात, तिथं सूत्र पाठ असलेली मुलं अडखळतात. तुमच्या मुलीला विचारून बघा, दिवा तापल्यावर आलेख वाकतो तो कोणत्या बाजूला? तिला चित्र काढता आलं तर ते दोन तास वसूल झाले.

बिंदुसरा:

मी नवीन शिक्षक, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागलो. मला यंत्राची भीती नाही, पण एआयचं काय करायचं ते ठरत नव्हतं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि आता आमची मुलंसुद्धा गृहपाठ फोनला विचारायलेत. मी सराव प्रश्न तयार करायला असलीच एक सेवा वापरून बघितली. एकसामयिक समीकरणांवर उदाहरण मागितलं, तर आलं की पाच आणि दहा रुपयांची मिळून २३ नाणी आहेत, एकूण रक्कम १७२ रुपये, तर प्रत्येकी किती? मी ते तसंच वर्गात नेलं आणि विचारलं, हे उदाहरण सोडवता येईल का? मागच्या बाकावरचा पोरगा, जो गणितात कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, पाच आणि दहाच्या नाण्यांचे १७२ होतीलच कसे, शेवटी पाच नाहीतर शून्य पाहिजे. त्याच्या बापाचं किराणा दुकान आहे. बाकीच्यांनी समीकरणं सोडवली तर दहाची नाणी ११.४ आली.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा असा तास घेतो. यंत्रानं दिलेलं उदाहरण किंवा उत्तर फळ्यावर, आणि मुलांनी तपासायचं. कधी ते पूर्ण बरोबर असतं, मग ते बरोबर कशावरून हे सांगायचं. मुलं फोनला विचारणारच आहेत. निदान आलेलं उत्तर तपासल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही, एवढी सवय मला लावायचीय.

जुना_खडू:

बाळा, तू फार मोठं काम करतो आहेस. पडताळा घेणं आम्ही शिकवायचो तेव्हा मुलांना ते जास्तीचं काम वाटायचं. आता त्याला कारण मिळालं.

मन्याडची_मावशी:

नांदेड जिल्ह्यातून लिहिते. माझी नोकरीची थोडी वर्षं राहिलीत. वरचं सगळं वाचून आनंद झाला, पण माझ्यासारख्यांचं मन कुणीतरी सांगायला पाहिजे. वर्गात पॅनेलपुढं उभं राहिलं की हात आखडतो. आयुष्यभर ज्या वर्गात आपला शब्द चालला, तिथं सातवीतलं लेकरू उठून म्हणतं, ‘बाई, तसं नाही, इथं दाबा.’ लेकराचा हेतू चांगला असतो, तरी मनाला लागतं. कितीतरी चांगले शिक्षक याच कारणानं पॅनेलवर कापड टाकून ठेवतात, त्यांना आळशी म्हणू नका.

प्रशिक्षणं झाली. मोठ्या सभागृहात, समोर पडद्यावर कुणीतरी भराभर दाबत जातं, आपण वहीत ‘इथं जा, मग तिथं जा’ लिहून घेतो आणि शाळेत आलो की पडदा वेगळाच दिसतो. मला शिकवलं ते आमच्या शाळेतल्या तरुण सरांनी. शाळा सुटल्यावर शेजारी बसायचे, माऊस कधी हातात घेतला नाही. त्यांना जिओजेब्रा येत होतं, मला चढ शिकवताना लेकरं नेमकी कुठं अडकतात ते ठाऊक होतं. ते म्हणाले, बाई, तुम्ही फक्त कुठं अडकतात ते सांगा. मी सांगितलं की चढ ऋण आला की लेकरं गडबडतात आणि आडव्या रेषेचा चढ शून्य की चढच नाही यात घोटाळतात. मग आम्ही दोघांनी एक रेषा बनवली, तिचं टोक धरून फिरवायचं, बाजूला चढाचा आकडा. रेषा आडवी झाली की ०, खाली झुकली की ऋण, उभी होत गेली की आकडा मोठा मोठा होत जातो आणि अगदी उभी झाली की आकडाच नाहीसा होतो. ती फाइल आमच्या दोघांची आहे. ती उघडताना माझा हात आखडत नाही.

औंढा_रोड:

मावशी, तुमची पोस्ट आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू का? नाव-गाव काढून.

मन्याडची_मावशी:

खुशाल टाका.

मुअ_जालना:

मुख्याध्यापकांची बाजूही ऐकावी ही विनंती. पॅनेल कुलपात ठेवला की आम्हाला नावं ठेवतात. पण वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, माझ्या सहीनं चढलेली असते, चोरी झाली तर जबाब मला द्यावा लागतो. वीजबिलाला पैसे अपुरे, दाब कमी-जास्त होतो, पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. आम्ही तीन गोष्टी केल्या, त्यानं बराच फरक पडला. पॅनेल कार्यालयात न ठेवता लागूनच असलेल्या वर्गात भिंतीला पक्का बसवला आणि खिडकीला जाळी लावली. वेळापत्रकात त्या खोलीच्या तासिका इयत्तांना नेमून दिल्या, म्हणजे मागायला कुणाला माझ्याकडं यावं लागत नाही. आणि नववीच्या दोन मुली व दोन मुलगे यांच्याकडं चालू-बंद, झाकण आणि वहीतली नोंद सोपवली. नोंदवहीत विषय आणि काय दाखवलं ते लिहायचं. वर्षाअखेरीला ती वही चाळली तेव्हा गणिताची नोंद सगळ्यात कमी दिसली. म्हणूनच हा धागा वाचतोय.

गोदाथडी:

सर, तुमची नोंदवहीची कल्पना मी उचलतोय. सगळ्यांचं वाचून मला एक करावंसं वाटतंय. आमच्या केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांना एक तास मागितलाय. त्यात भाषण नको, सादरीकरणही नको. दोघा-दोघांच्या जोड्या, एक जण जुना आणि एक जण नवा, प्रत्येक जोडीनं एक पाठ निवडायचा. लेकरं कुठं अडकतात ते आधी कागदावर लिहायचं, नंतर फोन किंवा संगणक उघडायचा. तासात फाइल पूर्ण झाली नाही तरी चालेल. तयार झालेलं सगळं पेन ड्राइव्हवर घालून केंद्रातल्या शाळांना देणार.

अंतर्लिखित कोन आणि मावशींचा चढ झाला. टाळीचा प्रयोग औंढा रोड सरांनी पानभर लिहून द्यावा. बालाघाटच्या बाई, चाकाचा तक्ता काढायची रीत तुमच्याच आवाजात हवीय, आमच्याकडूनही लेकरं कारखान्याला जातात. दहावीच्या भिंगांचं कुणाकडं काही आहे का? किरणाकृती फळ्यावर काढतो, पण वस्तू सरकवली की प्रतिमा कशी सरकते ते दाखवता येत नाही.

बालाघाटची_बाई:

रविवारी करून पाठवते सर. आवाज जरा मोठा ठेवते, ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू जायला पाहिजे.

दुधनाकाठ:

भिंगांची फाइल माझ्याकडं आहे, शनिवारच्या आत टाकते. वस्तू सरकवली की प्रतिमा सरकते, उलटते, नाभीच्या आत आली की पडद्यावरून गायब होते. पण ती दाखवायच्या आधी खरी मेणबत्ती आणि खरं भिंग घ्या, खोली थोडी अंधारी करा आणि भिंतीवर ज्योत उलटी पडलेली मुलांना बघू द्या. शाळेत बहिर्वक्र भिंग नसेल तर चाळिशीच्या जुन्या चष्म्याचं चालतं. चष्म्याचा नंबर +२ असेल तर नाभीय अंतर ५० सेंटिमीटर, म्हणून मेणबत्ती भिंगापासून मीटरभर लांब ठेवा, प्रतिमा पलीकडं तेवढ्याच अंतरावर आणि तेवढीच मोठी मिळेल. नंबर आधी सांगू नका. अंतरं मोजून तो मुलांनाच काढू द्या.